नववी कुमारिका

"प्रणिता, दार उघड गं. आंघोळ झाली का तुझी?"

अष्टमीची सकाळ होती. केस पुसत मी दार उघडलं, तर घरमालकीण चौसाळकर काकू ओल्या हातांनी उभ्या. नेसणं सोवळ्याचं, कपाळावरचं कुंकू जरा तिरकं. हल्ली त्यांचं कुंकू रोजच तिरकं असायचं.

"झाली की, काकू. काय झालं?"

"आज दवाखान्यात जरा उशिरा गेलीस तर चालतंय का? पाहिजे तर मी लावते फोन डॉक्टरला."

"उशिरा कशाला?"

"कुमारिका कमी पडायलीये एक. नऊ सांगितल्या होत्या, आठच आल्या. कोपऱ्यावरच्या पोरीला कांजण्या निघाल्यात. सगळी गल्ली पालथी घातली, एक पोरगी मोकळी नाही. ज्या आहेत त्या तीन-तीन घरी जेवून बसल्यात, पोटं फुटायलीत त्यांची. तू ये."

मला वाटलं, मदतीला बोलावतायत.

"येते की. वाढू लागते."

"वाढायला कशाला? पाटावर बसायला ये."

"मी?" मला हसूच आलं. "काकू, मी सत्तावीस वर्षांची आहे."

"असू दे की! गुरुजींना विचारलं मी. लग्न व्हायचंय ती कुमारिका, म्हणाले. वयाचं काही नाही. आपली योगेश्वरी तरी काय लहान होती? मुहूर्त टळला, लग्न राहिलं, म्हणून कुमारिकाच ना ती? अंबाजोगाईत राहायलीस आणि एवढं माहीत नाही?"

हसू तिथंच थांबलं. माझी नजर आपोआप खाली गेली, माझ्या पायांकडे.

दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटांवर एकेक फिकट कडं होतं. जोडव्यांचे वण. घट्ट होती ती जोडवी, लग्नात सोनाराकडून मापाची आणली नव्हती कुणी. आठ महिने रुतून बसली होती. श्रावणात मी साबण लावून लावून काढली, तेव्हा खाली कातडी पांढुरकी पडली होती आणि बोटात चांगली खाच झाली होती. उन्हात पाय रापले तसा तो पांढरेपणा उलट जास्तच दिसायला लागला. जोडवी होती माझ्या खोलीतच, कॉन्टॅक्ट लेन्सच्या रिकाम्या डबीत. एका कप्प्यात डाव्या पायाचं, एका कप्प्यात उजव्या.

मी काकूंशी खोटं बोलले नव्हते. खोली दाखवणाऱ्यानं 'मॅडम एकट्याच आहेत' म्हणून सांगितलं. काकूंनी विचारलं, "तुझ्या लग्नाचं बघायलेत का घरी?" मी म्हणाले, "नाही." त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पण मी कोण आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं? कागदावर मी एका माणसाची बायको होते. दवाखान्यात मिस होते. आईच्या फोनवर मी 'थोडे दिवस नोकरीला म्हणून गेलेली' होते.

आईचा फोन रविवारी यायचा, परभणीहून.

"मारत होता का?"

"नाही गं."

"पितो?"

"नाही."

"मग?"

तो बोलायचा नाही, बस. माझ्याकडून काही चुकलं की त्या घरात सगळ्यांनी मिळून बोलणं बंद करायचं, चार-चार आठवडे. मी चहा पुढे केला तर तो घ्यायचा, प्याला परत द्यायचा, पण डोळे माझ्यावरून भिंतीवरून फिरावेत तसे फिरायचे. काय चुकलं हे कुणी सांगायचं नाही. मी मोठ्यानं भांडी आपटून बघायची, आवाज येतोय ना आपला, म्हणून. हे आईला कसं सांगायचं? सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, "गप्प बसतो म्हणून कुणी घर सोडतं का? नशीब समज." दिवाळीच्या आत परत जायचं असं तिनं तिकडच्यांना परस्पर कबूल करून टाकलं होतं.

म्हणजे ही मागची खोली गेली असती, तर मी परभणीला. आणि परभणीला गेले की आठवड्याच्या आत आई मला त्या घराच्या उंबऱ्यावर नेऊन उभी करणार. अंबाजोगाईत एकट्या बाईला खोली मिळताना माझा किती जीव गेला होता ते मलाच माहीत. लग्न न झालेली चालते, एखाद्या वेळी. नवरा असलेली चालते. नवरा असून नसलेली कुणाला चालते?

"काय विचार करायलीस?" काकू म्हणाल्या. "पातळ नको नेसूस. ड्रेस घाल, कुमारिकेसारखा."

बायकांची ठरलेली सबब माझ्या ओठांवर आली होती. पण ती मागच्याच आठवड्यात खरोखरीच वापरून झाली होती, आणि माझ्या दोरीवर काय वाळतंय ते काकूंना डोळ्यांनी नसलं तरी अंदाजानं सगळं कळायचं.

"काकू, दुसरी कुणीतरी लहान…"

"नाही मिळत, म्हणून तर!" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उज्ज्वलासाठी केलंय गं हे. नांदू दे म्हणावं पोरीला. नऊ बोललेय मी देवीला, आठवर कसं सोडू?"

उज्ज्वला म्हणजे त्यांची मुलगी. मी तिला पाहिलेलं नव्हतं. तिचा फोटो होता बैठकीत, टीव्हीच्या वर, पदवीच्या झग्यातला. तिचा आवाज मात्र रोज ऐकायचे, म्हणजे तिचा नाही, काकूंचा. आमच्या मधे एकच भिंत. दुपारी मी जेवायला यायची आणि पलीकडून ऐकू यायचं, "मारतो का? … पैशाला अडवतो? … मग? … अगं, मग?" घास माझ्या तोंडात तसाच फिरत राहायचा. दोनदा आली होती ती निघून, दोनदा काकूंनी स्वतः एसटीत बसवून परत पाठवली होती.

आता बसले तर तिच्यासाठी मागितलेलं माझ्यामुळे फुकट जाणार. न बसावं तर का बसत नाही ते सांगायला लागणार. मी शिकलेली बाई. कुमारिका आठ काय, नऊ काय, असं एरवी म्हणाले असते. त्या सकाळी म्हणता येईना. पण मनाच्या मागे एक दुसरा हिशेबही चालू होता, तो मी लपवणार नाही. काकूंचे डोळे मीच तपासले होते.

डॉ. बियाणींच्या दवाखान्यात माझं तेच काम. अंधाऱ्या खोलीत समोर तक्ता, पेशंटच्या नाकावर लोखंडी चौकट, आणि मी एक काच काढून दुसरी लावत विचारणार, "पहिलं बरं दिसतं, की हे?" काकूंना खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी वरचं एकच मोठं अक्षर वाचलं होतं, तेही मान वाकडी करून. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. "ऑपरेशन करून घ्या, काकू," म्हटलं, तर "उज्ज्वलाचं मार्गी लागू दे आधी."

म्हणजे वण त्यांना दिसणार नव्हता.

"येते," मी म्हणाले.

दार लावून मी चक्क फाउंडेशन काढलं आणि पायाच्या बोटांना लावत बसले. अर्धं लावून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की पाय धुणार आहेत.

बैठकीत दोन ओळींत पाट मांडलेले. आठ पोरी, कुणाच्या परकरात नाडा सुटलेला, कुणाच्या हातात आधीच्या घरचा हेअरबँड. मी आत गेले तशा सगळ्या टकाटका बघायला लागल्या.

"ताई, तुम्ही पण कुमारिका?" शेजारच्या पाटावरची श्रावणी म्हणाली. सहा वर्षांची असेल, समोरचे दात पडलेले.

"हो गं."

"एवढ्या मोठ्या?"

"गप बस," काकू म्हणाल्या. "मोठी आहे म्हणून तुझ्यापेक्षा जास्त खीर मिळणार तिला."

काकूंच्या हातात परात, तांब्या, खांद्यावर पंचा. त्या एकेकीपुढे बसत, पाय परातीत घेत, कोमट पाण्यानं धूत, पुसत, कुंकवाचं स्वस्तिक काढत, डोकं टेकवत. पोरी गुदगुल्यांनी हसत. कुणीतरी परातीत पाय आपटला, पाणी काकूंच्या तोंडावर उडालं. "भवाने!" म्हणत काकू हसल्या आणि तिच्याही पाया पडल्या. मी बोटं आत वळवून बसले होते. माझा नंबर शेवटचा.

काकू माझ्यापुढे बसल्या. माझ्या आईपेक्षा मोठी बाई माझे पाय हातात घेते आहे, हेच आधी मला सोसवेना.

"काकू, राहू दे ना. नुसतं कुंकू लावा."

"तू आत्ता प्रणिता नाहीस. गप बस."

पाणी पडलं. कोमट होतं, तरी मला शहारा आला. त्यांचा तळवा माझ्या टाचेवरून, घोट्यावरून फिरला. वाटलं, झालंच आता. आणि श्रावणी वाकून म्हणाली, "ताई, तुमच्या बोटाला काय झालं? पांढरं पांढरं?"

"चप्पल चावली," मी म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"कुठं गं?" काकूंनी विचारलं. मायेनंच विचारलं. त्यांचा अंगठा एकेक बोट चाचपत आला आणि त्या बोटावर थांबला.

खाचेत बसला अंगठा. मग तो हळूच बोटाभोवती फिरला, वरून, बाजूनं, खालून. चप्पल अशी गोल चावत नाही. अंगठा पुन्हा वर आला. मग त्यांनी माझा दुसरा पाय जवळ ओढला आणि त्याही पायाचं तेच बोट चाचपलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या माझ्या पायांकडे बघत नव्हत्याच. समोर कुठंतरी, माझ्या गुडघ्यांच्याही पलीकडे बघत होत्या, पांढुरक्या बुबुळांनी. पोरींचा आवाज एकीकडे चाललेला. माझ्या मनात नुसतं एकच: आता म्हणणार, ऊठ.

"पाय गार पडलेत तुझे," त्या म्हणाल्या.

पंच्यानं त्यांनी माझे पाय पुसले. सगळ्या पोरींचे पुसले त्यापेक्षा जास्त वेळ पुसले. कुंकवाचं बोट टेकवलं, स्वस्तिक काढलं, ते वेडंवाकडं आलं. आणि डोकं ठेवलं. त्यांचं कपाळ माझ्या पायावर होतं तेवढा वेळ मी श्वासच घेतला नाही.

उठताना त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर टेकला. "जेवून जा. उपाशी जाऊ नको."

इतर पोरींना मिळाल्या तशाच मलाही लाल रिबिनी मिळाल्या आणि एक कंपासपेटी.

त्यांना कळलं का? दवाखान्यात दिवसभर मी हाच विचार करत राहिले. कळलं असतं तर पूजा का पुरी केली? कळलं नसतं तर दुसरा पाय का चाचपला? पेशंटला "पहिलं की हे?" विचारायचं आणि उत्तर ऐकायचंच राहायचं. एका आजोबांनी शेवटी विचारलं, "बाई, परीक्षा माझी आहे का तुमची?"

त्यानंतर काकू माझ्याशी धड बोलल्या नाहीत. येता-जाता "आलीस का", "जेवलीस का", एवढंच. मला त्या घराची आठवण झाली. इथंही तेच सुरू झालं म्हणायचं. दुपारी जेवायला आले की भिंतीपलीकडे शांतता. उज्ज्वलाचा फोनसुद्धा नाही. माझ्यामुळे मुलीचं काही विपरीत तर झालं नाही ना, या विचारानं माझ्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं.

दसऱ्याला संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन गेले. काकूंनी माझ्या हातावर पानं ठेवली. "सोनं घे." मी वाकून नमस्कार केला.

"प्रणिता, खोली मला लागणार आहे गं. कोजागिरीपर्यंत बघ कुठं होतंय का."

हे येणार, मला ठाऊकच होतं.

"काकू, मला तुम्हाला सांगायचंय. त्या दिवशी…"

"काही सांगू नको." त्यांनी हात वर केला. "मला ऐकायचं नाही."

"पण एकदा तरी…"

"नको म्हटलं ना! जा. दिवा लावायची वेळ झाली."

खोलीत येऊन मी रडले, चिडलेही. पाय धुताना चाललं, मग आता काय झालं? मग वाटलं, त्यांचं काय चुकलं? मग पुन्हा, माझं तरी काय चुकलं? असं आलटून पालटून. कशातच स्पष्ट काही दिसेना. आईला फोन करायला म्हणून मोबाइल हातात घेतला, आणि केला नाही.

डॉ. बियाणींच्या ओळखीनं लातूरला एका मोठ्या नेत्ररुग्णालयात जागा निघाली. तिथं खोली बघायला गेले तेव्हा घरमालक म्हणाले, "लग्न झालंय का मॅडम?" आणि मी ऐकलं, मीच बोलत होते, "झालंय. तिथं राहत नाही मी." एका अंगठ्याला कळलंच आहे, आता आणखी कुणापासून काय लपवायचं, असं काहीसं झालं होतं. त्यांनी नाही म्हटलं. पुढच्यानंही नाही म्हटलं. तिसऱ्या घरातली बाई शिक्षिका होती, ती म्हणाली, "मग? पाण्याचं मीटर वेगळं आहे, तेवढं लक्षात ठेवा."

तिचं 'मग' आईच्या 'मग'सारखं नव्हतं. मी तिथं राहिले. दिवाळी आली आणि गेली, मी परत गेले नाही. पुढे कायद्यानं सगळं सुटलं. मग संदीप भेटला, लग्न झालं, ईरा झाली. या वेळी जोडवी घातली नाहीत. कुणी विचारलं तर मीच म्हणते, "मग?"

पण काकूंचा तो अंगठा मनातून गेला नाही. अंबाजोगाईवरून कितीदा एसटी गेली, मी उतरले नाही.

आणि परवा, या नवरात्रात, खुर्चीत एक बाई येऊन बसल्या. केस पेपरवर नाव: उज्ज्वला चौसाळकर, अंबाजोगाई. माहेरचं आडनाव. टीव्हीवरच्या फोटोतली हनुवटी.

"जवळचं दिसेना झालंय हो," त्या म्हणाल्या. "चाळिशी लागली म्हणायची."

मी चौकट त्यांच्या नाकावर ठेवली. "तुम्ही चौसाळकर काकूंच्या… मी त्यांच्याकडे भाड्यानं होते. मागच्या खोलीत."

"अय्या! डोळेवाल्या प्रणिता?" चौकटीतून त्या मला शोधायला लागल्या. "तुमचीच खोली घेतली की मी! तिथंच राहते अजून. शिकवण्या घेते."

"काकू?"

"ठणठणीत. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली मी. आता माझ्या पोळ्यांतली चूक लांबून दिसते तिला." त्या हसल्या. मग हसू गेलं. "तुम्हाला नव्हतं का माहीत? तुम्हाला खोली सोडायला लावली, ती मला बोलावलं म्हणून."

लावायला घेतलेली काच मी परत खाली ठेवली.

"अष्टमीला दुपारी आईचा फोन आला. मला माहीत होतं काय विचारणार ते. मारतो का, अडवतो का, मग? मी उत्तरं जुळवून बसले होते. तिनं विचारलंच नाही. म्हणाली, 'ये निघून. जोडवी तिथंच काढून ठेव. वण राहतो थोडे दिवस. मी हात लावून बघितलाय, काही होत नाही त्यानं. माणूस कामाला जातं, जेवतं, हसतं.'"

अंधाऱ्या खोलीत तेवढा तक्ता उजळलेला होता.

"मी सांगायला गेले होते त्यांना," मी म्हणाले. "त्यांनी ऐकूनच घेतलं नाही."

"ते पण बोलली ती मला. म्हणाली, तिनं सांगितलं असतं, तर माझ्या तोंडून पुन्हा 'मग?' निघालं असतं. सवय वाईट."

"आणि नवस? नववी मी होते ना. ते तर…"

"आई म्हणते, देवीनं ऐकलं." उज्ज्वलानं खांदे उडवले. "काय ऐकलं, ते सांगत नाही."

बाहेर पुढचा पेशंट खोकला. मी काच लावली. "पहिलं बरं दिसतं, की हे?"

"सारखंच वाटतंय हो," ती म्हणाली. "थांबा. परत एकदा दाखवा."

दुसऱ्या दिवशी अष्टमी. ईराला शेजारच्या निलंगेकर वहिनींकडे कुमारिका म्हणून बोलावणं होतं. चार वर्षांची आहे. मी अर्थातच बरोबर गेले. पाणी फार गरम तर नाही, म्हणून आधी परातीत हात घालून बघितला. खिरीत काजूचे तुकडे मोठे तर नाहीत, विचारून घेतलं. वहिनी हसत होत्या.

"आता धुऊ का पाय हिचे? का तुम्हीच धुताय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ईराचा पाय माझ्याच हातात होता, ओला, तळहातात मावेल एवढा. माझा अंगठा तिच्या त्या बोटाभोवती फिरत होता, वरून, बाजूनं, खालून. तिथं काही नव्हतं. लुसलुशीत कातडी, बस. तरी अंगठा थांबेना.

"आई, सोड ना!" ईरा पाय ओढत खिदळली. "गुदगुल्या होतायत!"